उघड्या विटांचं वसतिगृह पाडायचं की ठेवायचं? अहमदाबादचा दाखला देण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. विदर्भातल्या एका महाविद्यालयाचं १९७०च्या दशकातलं तीन मजली वसतिगृह आहे. भारवाही (म्हणजे इमारतीचं वजन पेलणाऱ्या) भिंती, बाहेरून उघडी वीट, गिलावा नाही. गच्ची गळते, खालच्या थरांना लोणा (क्षारांचा पांढरा थर) लागलाय, व्हरांड्याच्या तुळयांमधून सळया डोकावतायत. व्यवस्थापनाचं म्हणणं असं की अहमदाबादच्या आयआयएम या व्यवस्थापन संस्थेत लुई कानसारख्या नामवंत अमेरिकी वास्तुविशारदाने बांधलेली वसतिगृहंसुद्धा टिकली नाहीत, मग आपण दुरुस्तीत पैसे कशाला घालायचे, पाडून टाकू. विचारणाऱ्याला तीन गोष्टी हव्या आहेत: कानच्या वसतिगृहांत नेमकं काय बिघडलं, उघडी वीट आपल्या हवेत टिकतच नाही का, आणि पाडायचं नसेल तर निदान बाहेरून सिमेंटचा गिलावा मारून प्रश्न मिटेल का.

तिसऱ्याचं उत्तर आधीच देऊन टाकतो: मिटणार नाही, बहुधा वाढेल. का ते पुढे येईलच.

खरा प्रश्न विटेचा नाही. पुण्यातल्या शनिवारवाड्याच्या तटाचा वरचा भाग विटांचा आहे आणि तो अठराव्या शतकापासून ऊनपाऊस खातोय. त्यात पोलाद नाही. विसाव्या शतकात आपण विटेच्या भिंतीत सळईचं काँक्रीट बसवायला लागलो, आणि तिथून गणित बदललं. म्हणून जुन्या उघड्या विटांच्या इमारतीपुढे उभं राहिल्यावर आम्ही पहिला प्रश्न विचारतो तो असा: यात पोलाद कुठेकुठे आहे, त्याच्यापर्यंत पाणी कुठून पोहोचतं, आणि ती वाट बंद करता येते का? वीट कशी आहे हा दुसरा प्रश्न. अहमदाबादची गोष्टही याच क्रमाने वाचायला हवी.

आयआयएम अहमदाबादची स्थापना १९६१ची. विक्रम साराभाई आणि कस्तुरभाई लालभाई ही त्यामागची मोठी नावं. इमारतींसाठी वास्तुविशारद बाळकृष्ण दोशींकडे विचारणा झाली, त्यांनी कानचं नाव सुचवलं, आणि १९६२मध्ये कान कामात आला. तो फिलाडेल्फियाहून ये-जा करायचा, जागेवरचं बरंचसं दोशींनी सांभाळलं. अहमदाबादहून परतताना १७ मार्च १९७४ला न्यूयॉर्कच्या पेनसिल्व्हेनिया स्टेशनवर कानचा मृत्यू झाला. उरलेलं काम वास्तुविशारद अनंत राजे यांनी पुढे नेलं. दोशी जन्माने पुण्याचे, राजे मुंबईचे, आणि दोघेही मुंबईच्या सर ज. जी. (जे. जे.) महाविद्यालयात शिकलेले. म्हणजे ‘गुजरातमधली परदेशी माणसाची इमारत’ म्हणून हे प्रकरण आपल्यापासून फार लांब ठेवता येत नाही. तिथे एकूण १८ वसतिगृहं आहेत, आणि संस्थेनेच दिलेला त्यांचा बांधकामाचा काळ १९६८ ते १९७८ असा आहे.

आता आराखडा, कारण त्या वसतिगृहांचं खरं मोल तिथे आहे. आपलं नेहमीचं वसतिगृह डोळ्यांपुढे आणा: मधून लांबच लांब बोळ, दोन्ही बाजूंना खोल्या, टोकाला संडास-बाथरूम. बोळात दिवसाही दिवा लावावा लागतो, आणि वारा एका खिडकीतून आत आला तरी समोरच्या बंद दारावर अडतो. कानने बोळ काढूनच टाकला. दहा-दहा खोल्यांचा एक गट, आणि तो जिना व चहाची बैठक यांच्याभोवती गुंफलेला. कल्पना अशी की व्यवस्थापनाचं शिक्षण अर्धं वर्गात होतं आणि अर्धं चहाच्या कपाभोवती वाद घालण्यात, तेव्हा ती जागा येण्याजाण्याच्या वाटेवरच हवी. जिना आणि न्हाणीघर अशा बाजूला ठेवले की ऊन आणि चकाकी ते अडवतील, पण आरपार वारा अडणार नाही. सगळ्या इमारती मुख्य चौकाशी तिरक्या, नैर्ऋत्येचा वारा घेतील अशा बेताने मांडलेल्या. कोपऱ्याला कोपरा लावून चौकोन जोडायची ही रीत त्याने अमेरिकेतल्या ब्रिन मॉर महाविद्यालयाच्या अर्डमन हॉल या वसतिगृहात आधी वापरली होती. ते १९६५मध्ये पुरं झालं.

या आराखड्याचा दुरुस्तीच्या दृष्टीने एक फायदा आहे, ज्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. ओलं काम, म्हणजे न्हाणीघरं आणि त्यांचे पाइप, झोपायच्या खोल्यांपासून वेगळ्या गठ्ठ्यात आहे. गळती झाली तर कुठे शोधायची ते ठाऊक असतं. तेवढाच गठ्ठा बंद ठेवून काम करता येतं. खोलीला जोडून बाथरूम असलेल्या आजच्या वसतिगृहात प्रत्येक खोलीची एक भिंत कायम ओली होण्याच्या बेतात असते.

मग बिघडलं कुठे? कमानींपाशी.

‘विटेला काय व्हायचंय’ असं विचारून ‘कमान’ हे उत्तर देणारा कान सगळ्यांना पाठ आहे. पण अहमदाबादच्या बऱ्याच कमानी अर्धगोल नाहीत, चपट्या आहेत, आणि चपटी कमान दोन्ही बाजूंच्या भिंतींना बाहेर रेटते. किती रेटते ते सोप्या सूत्रातून निघतं: दर मीटरचा भार गुणिले गाळ्याच्या रुंदीचा वर्ग, भागिले कमानीच्या उंचीच्या आठपट. समजा ३ मीटरचा गाळा आहे आणि वरून दर मीटरला २० किलोन्यूटन, म्हणजे साधारण दोन टन भार येतो. पूर्ण अर्धगोल कमानीची उंची १.५ मीटर, तिचा रेटा सुमारे १५ किलोन्यूटन. तोच गाळा ३० सेंटिमीटर उंचीच्या चपट्या कमानीने झाकला तर रेटा ७५ किलोन्यूटन, पाचपट. हे आकडे समजण्यापुरते घेतलेत, तिथल्या कमानीचे नाहीत. पण एवढा रेटा घ्यायला एकतर भिंत फार जाड हवी, नाहीतर कमानीची दोन टोकं एकमेकांशी बांधायला हवीत. कानने ती काँक्रीटच्या आडव्या पट्टीने बांधली. वीट दाब घेते, काँक्रीटमधली सळई ताण घेते. फोटोत विटेच्या कमानीखाली जी करड्या रंगाची पट्टी दिसते ती शोभेची नाही. ती काढली तर कमान पसरेल.

दिसायला हे अप्रतिम आहे आणि ताणाच्या हिशेबानेही चोख आहे. पण त्यामुळे इमारतीचा सगळ्यात नाजूक भाग बाहेरच्या तोंडावर, पावसात आला. अशा ताणपट्टीचा मधला भाग उघडा असतो, भिजतो आणि वाऱ्याने सुकतो. तिची दोन्ही टोकं भिंतीत शिरलेली असतात. भोवतालची वीट पाणी पिऊन ते दिवसेंदिवस धरून ठेवते, आणि टोक सुकतच नाही. त्या काळी सळईवर काँक्रीटचं आवरण बहुतेक ठिकाणी १५ ते २० मिमीच ठेवत. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने काँक्रीटचा अल्कधर्मी गुण हळूहळू जातो, आणि गुण गेलेला हा थर सळईपर्यंत पोहोचला की सळईचं संरक्षण संपतं. पुढे ओल मिळाली की गंज. गंजाचं आकारमान मूळ पोलादाच्या दोन ते सहापट होतं, आणि तो फुगवटा वीट उचलतो.

हे जवळून पाहायचं तर ताणपट्टीच्या टोकाकडे तिरकस उजेडात, सकाळी किंवा संध्याकाळी पाहा. पट्टीच्या वरच्या किंवा खालच्या दरजेत (विटांमधल्या सांध्यात) एक आडवी, केसासारखी भेग दिसेल. भेगेखाली तपकिरी ओघळ. तिथे ओळंबा लावलात तर दोन-तीन विटा ३ ते ५ मिमी पुढे आलेल्या असतील. हातोडीच्या दांड्याने टकटक केलीत तर बाकी भिंत टणटणीत बोलते आणि तिथे पोकळ आवाज येतो. मधली पट्टी मात्र अजून धडधाकट दिसत असते, म्हणूनच लोक फसतात.

दुसरी बाजू विटेची. डिसेंबर २०२०च्या पत्रात संस्थेने म्हटलं होतं की वापरलेल्या विटा दुय्यम दर्जाच्या आहेत, स्लॅबचे तुकडे पडतायत, गळती थांबत नाही आणि भूकंपाच्या दृष्टीने इमारती सुरक्षित नाहीत. २६ जानेवारी २००१च्या भुजच्या भूकंपात या इमारतींना तडाखा बसला होता, हेही खरं. भारवाही विटेच्या भिंतीत मोठमोठी उघडी तोंडं ठेवली की आडव्या धक्क्याला भिंत कमी पडते. आयएस ४३२६ हे भारतीय मानक तीन मजली बांधकामात, भूकंपश्रेणीनुसार, खिडक्या-दारांची एकूण रुंदी भिंतीच्या लांबीच्या साधारण ३३ ते ४२ टक्क्यांत ठेवायला सांगतं. कानच्या भिंतींना हा हिशेब लावणं अवघड आहे, आणि त्यांचा आराखडा झाला तेव्हा हे मानक आजच्या रूपात नव्हतंही. त्यामुळे संस्थेची सुरक्षिततेची काळजी मी उडवून लावणार नाही. शेकडो मुलं रात्री तिथे झोपतात. ‘वारसा’ म्हटलं की हा मुद्दा बाजूला सारायची सवय आपल्या क्षेत्रातल्या काहींना आहे, ती चांगली नाही.

पुढचा घटनाक्रम व्यवस्थापनासमोर पूर्ण मांडा, कारण त्यातला अर्धाच सांगितला जातो. २०१४मध्ये स्पर्धेतून निवड होऊन मुंबईच्या बृंदा सोमय्यांच्या संस्थेकडे जतनाचं काम आलं. विक्रम साराभाई ग्रंथालयाची दुरुस्ती झाली आणि तिला २०१९मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला. १५ क्रमांकाचं वसतिगृह नमुना म्हणून दुरुस्त केलं गेलं. डिसेंबर २०२०मध्ये १८पैकी १४ वसतिगृहं पाडून नवी बांधायचं जाहीर झालं, जगभरातून विरोध झाला, आणि १ जानेवारी २०२१ला तो प्रस्ताव मागे घेतला गेला. नोव्हेंबर २०२२मध्ये संस्थेने पुन्हा भूमिका बदलली: पुढची दुरुस्ती थांबवायची, आणि प्राध्यापकांचे विभाग, वर्गांचा भाग व कडेची वसतिगृहं बाहेरचं रूप तसंच ठेवून, आतून गरजेप्रमाणे बदलून नव्याने बांधायची.

माझं मत स्पष्ट सांगतो: वसतिगृहांच्या बाबतीत हे उलट्या बाजूने वाचवणं आहे. तिथला शोध दर्शनी भिंतीत नाही, आतल्या मांडणीत आहे. जिन्याभोवतीच्या दहा खोल्या आणि चहाची बैठक गेली, बोळ आला, आणि बाहेर काँक्रीटच्या सांगाड्यावर चिकटवलेली विटेची कमान उरली, तर फोटो तोच येईल आणि वसतिगृह दुसरंच असेल. उलट, ताणपट्टीला गंज न लागणाऱ्या पोलादाची सळई घातली, स्लॅब बदलला, भिंतींना आतून बांध दिले, पण मांडणी तशीच राहिली, तर कानचं बरंचसं वाचलं असं मी म्हणेन.

यातून तुमच्यासाठी काय निघतं? एक, अहमदाबादला दुरुस्ती अशक्य ठरली असं कोणी सिद्ध केलेलं नाही. खर्च, सोय, सुरक्षितता आणि वाढलेली विद्यार्थिसंख्या यांचा मिळून तो निर्णय आहे. दोन, तुमच्या इमारतीत बहुधा तशा कमानी नाहीतच. व्हरांड्याच्या तुळया, छज्जे आणि स्लॅबच्या कडा एवढंच पोलाद बाहेर असेल तर तुमचं काम कानच्या इमारतीपेक्षा पुष्कळ सोपं आहे. तीन, तुमची वीट कदाचित त्यांच्यापेक्षा वाईट असेल. काळ्या मातीच्या पट्ट्यातली वीट नदीकाठच्या गाळाच्या विटेइतकी कणखर नसते. शिवाय मातीत चुनखडीचे खडे असतील तर ते भट्टीत भाजतात आणि पुढे पाणी लागलं की फुलून विटेच्या तोंडाचे टवके उडवतात. टवक्याच्या मध्यभागी पांढरा ठिपका दिसला तर दोष मूळ मातीचा आहे, देखभालीचा नाही.

परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टीही सांगून ठेवतो. पाया काळ्या मातीवर असेल आणि दर उन्हाळ्यात भेगा उघडून पावसाळ्यात मिटत असतील, तर खालचं सगळं आधी बाजूला ठेवा आणि पायाचा सल्ला घ्या. इमारत कोकणात असती तर तिरक्या पावसाच्या भिंतीबद्दल मी वेगळं बोललो असतो. विदर्भाचा बराच भाग आजवरच्या नकाशांत भूकंपक्षेत्र दोनमध्ये आहे आणि अहमदाबाद तीनमध्ये (आकडा मोठा तसा धोका जास्त), त्यामुळे त्यांचा भूकंपाचा युक्तिवाद जसाच्या तसा तुम्हाला लागू होत नाही. तुमच्या अभियंत्याने चालू मानक पाहूनच हिशेब करावा.

तपासणी कशी करायची ते आता. पहिलं काम कागदाचं: जुने नकाशे, आणि नंतर कुठे काय जोडलं, पाडलं, गच्चीवर कोबा (पाणी अडवणारा थर) किती वेळा घातला याची नोंद. नकाशे नसतील तर प्रत्येक दर्शनी बाजूचा सरळ फोटो घेऊन त्यावर भेगा, ओघळ, लोणा, पोकळ आवाज असे चार रंगांत खुणावायचे. हे जून संपताना एकदा आणि मे महिन्यात एकदा करा, दोन्ही नकाशे शेजारी ठेवले की पाणी कुठून येतं ते अर्धं तिथेच कळतं. मुख्य भेगांवर मापपट्ट्या लावून निदान एक उन्हाळा आणि एक पावसाळा वाचन घ्या. ‘सहा आठवड्यांत अहवाल देतो’ म्हणणाऱ्याला भेग चालू आहे की थांबलेली, हे कळणार नाही.

विटेसाठी आयएस ३४९५प्रमाणे प्रत्येक चाचणीला निदान पाच विटा लागतात, आणि त्या वेगवेगळ्या उंचीवरून व दिशांकडून काढा. दाबशक्तीत ३.५ न्यूटन प्रति चौ. मिमी हा आयएस १०७७मधला सर्वांत खालचा वर्ग, आणि उघड्या कामाला मी ७.५ तरी पाहीन. २४ तास पाण्यात ठेवून वजनाच्या २० टक्क्यांहून जास्त पाणी पीत असेल तर ती वीट नेहमीच्या कामालाही मानकात बसत नाही, दर्शनी विटेसाठी मर्यादा १५ टक्क्यांची आहे. लोणा तपासायची चाचणी तर कॉलेजच्या प्रयोगशाळेतही होते: ताटलीत २५ मिमी पाणी, त्यात वीट उभी, पाणी सुकलं की पुन्हा तेवढंच घालून पुन्हा सुकवायचं. पांढरा थर दहा टक्क्यांपर्यंत पृष्ठभागावर आला तर किरकोळ, पन्नासपर्यंत मध्यम, त्यापुढे भारी. आणि पृष्ठभागाची पूड व्हायला लागली तर गंभीर.

काँक्रीटसाठी फिनॉल्फ्थॅलीन, म्हणजे अल्कधर्मी गुण असला की गुलाबी होणारं रसायन. ताजा फोडलेला भाग धूळ पुसून फवारायचा. गुलाबी झाला तिथपर्यंत काँक्रीट शाबूत, रंगहीन राहिला तो थर निकामी. रंगहीन थराची खोली आणि सळईवरचं आवरण ही दोन मापं शेजारी लिहा. थर २५ मिमी आणि आवरण १८ मिमी असेल तर जिथे सळई दिसत नाही तिथेही गंज सुरू आहे किंवा लवकरच होणार आहे, असं समजा. तुळईची भिंतीत शिरलेली टोकं दोन-तीन ठिकाणी विटा काढून प्रत्यक्ष पाहा. त्याला पर्याय नाही.

दुरुस्तीचा क्रम मात्र बदलू नका, वाया गेलेली बहुतेक कामं क्रम चुकल्यामुळेच वाया जातात. आधी वरचं पाणी. गच्चीवर जुन्या कोब्याचे थर एकावर एक असतील तर नवीन घालायच्या आधी ते उतरवा. सव्वाशे मिमीचा विटांच्या तुकड्यांचा कोबा चौरस मीटरला दोनशे किलोच्या वर भार घालतो, आणि तीन थर म्हणजे जुन्या स्लॅबवर आणखी एक स्लॅबच. उतार निदान शंभरास एक. १०० मिमीचा एक पाइप तासाला १०० मिमीच्या पावसात साधारण ४० चौ. मी. गच्चीचं पाणी नेतो, त्या हिशेबाने पाइप मोजा. बहुतेक जुन्या वसतिगृहांत ते निम्मेच निघतात, आणि त्यातले दोन मुलांच्या चपला-बाटल्यांनी तुंबलेले असतात. कठडा तिन्ही बाजूंनी भिजतो. त्याच्या माथ्यावर दोन्हीकडे ४० ते ५० मिमी पुढे येणारी फरशी बसवा, आणि तिच्या पोटात पाणी तोडणारी खाच ठेवा. खाच नसेल तर पागोळी थेट विटेवरूनच उतरते. मग न्हाणीघरं. मग जोत्याभोवतीचं पाणी आणि माती: वर्षानुवर्षं अंगणात भर घालून जोतं बुडवलेलं असतं, ती माती काढा.

एअर कंडिशनर असतील तर त्यांच्या नळ्या पाहा. खोलीखोलीतून नळी बाहेर सोडून दिलेली असते, तिचं पाणी उन्हाळाभर एकाच रेषेत विटेवरून वाहतं आणि हिरवा पट्टा उमटतो. ज्या काळात भिंत वाळायला हवी, नेमकी तेव्हाच ती रोज भिजते. एकत्र पन्हळीत जोडायला फार खर्च येत नाही.

पाणी थांबल्यावर पोलाद. सळईभोवतीचं काँक्रीट नुसतं समोरून न खरवडता सळईच्या मागे २० ते २५ मिमी जाईपर्यंत फोडायचं, सळई चकचकीत होईपर्यंत घासायची. तिच्या छेदाचं क्षेत्रफळ एक-पंचमांशाहून जास्त खाल्लं गेलं असेल तर शेजारी नवी जोडायची, आणि मग दुरुस्तीचा मसाला. एक गोष्ट हमखास चुकते: फक्त ठिगळ मारलं की ठिगळाच्या कडेला, जुन्या काँक्रीटमध्ये, गंज जोराने सुरू होतो. म्हणून कडांना जस्ताचे बळी-खंड (सळईऐवजी स्वतः झिजणारे तुकडे) बांधून घ्या, निदान व्हरांड्याच्या तुळयांना. भिंतीतल्या भेगांना दरजेत ६ मिमीची पिळाची स्टेनलेस सळई, भेगेच्या दोन्ही बाजूंना ५०० मिमी, दर चार ते सहा थरांआड.

शेवटी वीट आणि दरजा. लोणा कोरड्या ब्रशने झाडायचा, पाण्याने धुवायचा नाही (धुतला की क्षार पुन्हा आत जातात), आणि आम्ल तर अजिबात नको. जुन्या दरजा रुंदीच्या दुप्पट खोल, म्हणजे सुमारे २० ते २५ मिमी, छिन्नीने उकरायच्या. ग्राइंडर उभ्या दरजेत घातला की वरच्या-खालच्या विटांची तोंडं कापली जातात. मसाला विटेपेक्षा मऊ हवा: एक सिमेंट, दोन चुना, नऊ वाळू, किंवा निव्वळ चुना-सुरखीचा (सुरखी म्हणजे विटांची पूड). गवंडी कडक मसाल्याचा आग्रह धरेल, कारण तो लगेच हाताला घट्ट लागतो. पण दरज विटेपेक्षा कडक झाली की ओल विटेतूनच बाहेर पडते, क्षार विटेच्या तोंडात साठतात, आणि पाच-सात वर्षांत दरजांचं जाळं पुढे आणि विटा मागे खचलेल्या अशी भिंत दिसते. काम थंडीत करा आणि आठवडाभर ओलं ठेवा. बदलायच्या विटांचं माप आधी घ्या. जुनी वीट २३० × ११५ × ७५ मिमीची असेल आणि बाजारात १९० × ९० × ९० मिळत असेल, तर थर जुळणार नाहीत. भट्टीवाल्याशी बोलून मुद्दाम पाडून घ्याव्या लागतील, आणि त्यासाठी एक मोसम हाताशी ठेवावा लागेल.

गिलाव्याचं आता समजेल. क्षाराने भरलेल्या ओल्या विटेवर सिमेंटचा गिलावा म्हणजे दरजेची तीच चूक सबंध भिंतीवर. दोन-तीन पावसाळ्यांत तो पोकळ वाजायला लागतो, आणि तोवर मागच्या भेगा आणि गंजाचे ओघळ दिसेनासे झालेले असतात. चकाकी आणणारे पारदर्शक अ‍ॅक्रिलिक लेपही त्याच जातीचे. पाणी झटकणारा पण वाफ बाहेर जाऊ देणारा सिलेन-सिलॉक्सेनचा द्रव चालतो, पण सगळं झाल्यावर, भिंत एक उन्हाळा वाळल्यावर, आणि फक्त पावसाच्या तोंडावरच्या बाजूला. विटांची तोंडंच गेली असतील, चुनखडीने अर्धी भिंत फोडली असेल, तर चुन्याचा गिलावा करा. उघडी वीट हाच तुमच्या इमारतीचा प्राण आहे असं समजायचं कारण नाही, ती बहुधा त्या काळी स्वस्त म्हणून उघडी राहिली असेल.

पाडा असं मी कधी म्हणेन? पाया अजून हलत असेल आणि तो थांबवायचा खर्च हाताबाहेर असेल तेव्हा. भिंतीत १०० मिमी आतपर्यंत वीट बोटाने कुस्करत असेल तेव्हा. किंवा बहुतेक स्लॅबच्या सळया इतक्या खाल्ल्या गेल्या असतील की स्लॅब सगळेच बदलावे लागतील आणि भिंतीही ते काम सोसणार नाहीत तेव्हा. यांपैकी काही नसताना ‘अहमदाबादलाही पाडतायत’ एवढ्यावर निर्णय होत असेल तर चाचण्यांचा खर्च आधी मंजूर करून घ्या, तो नव्या बांधकामाच्या नुसत्या नकाशांच्या फीपेक्षाही कमी असतो.

निविदा काढाल तेव्हा दुरुस्ती एकाच रकमेत देऊ नका. उकरल्याशिवाय दरजांची खोली आणि सळयांची अवस्था कोणालाच कळत नाही, म्हणून ठेकेदार एकतर भरमसाट बोलतो नाहीतर अर्ध्यात हात वर करतो. दर एककाचे मागवा: दरजा चालू मीटरने, विटा नगाने, सळई किलोने. आणि आधी एकच जिन्याचा भाग, जोत्यापासून कठड्यापर्यंत, नमुना म्हणून पूर्ण करून घ्या. तो एक पावसाळा पाहा, मग बाकीच्यांचा कार्यादेश द्या.